साथसंगत : मोती

बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ पहिल्या महिन्यात माळा आवरतो, दुसऱ्या महिन्यात सोसायटीच्या कमिटीशी भांडतो आणि तिसऱ्या महिन्यात पेटी घेऊन येतो. लहानपणी शिकायची राहून गेलेली असते. वडिलांनी "आधी गणित सुधार" असं बजावलेलं असतं आणि गणित सुधारल्यामुळेच पुढे बँक नशिबी आलेली असते. पेटी आली की पाठोपाठ गुरुजी आले. हल्ली ते मोबाइलच्या पडद्यावर येतात. संध्याकाळी देवापाशी दिवा लागतो, गृहस्थ मांडी ठोकून बसतात, डाव्या हातानं भाता हलवतात, उजव्या हातानं काळी एक दाबतात आणि दिवाणखान्यात षड्ज निघतो.

नेमका त्याच वेळी सोफ्याखाली दुपारपासून पसरलेला मोती उठतो. अंग झाडतो. पेटीपासून हातभर अंतरावर येऊन बसतो, नाक छताकडे करतो, डोळे अर्धवट मिटतो, ओठांचा चंबू करतो आणि जो हेल काढतो तो तिसऱ्या मजल्यापासून पार्किंगपर्यंत बिनतक्रार पोचतो. तक्रारी नंतर उलट दिशेनं वर येतात. गृहस्थ रिषभावर गेले तरी मोती आपल्या जागी ठाम. भाता थांबला की तोही थांबतो, मान तिरकी करून पेटीकडे बघतो. भाता हलला की पुन्हा नाक वर.

"आधी याला गॅलरीत घाल बघू."

"कशाला? बरा गातोय की," स्वयंपाकघरातून उत्तर येतं.

"त्याला काय कळतंय गाण्यातलं?"

"ते मला नका विचारू. तुम्ही थांबलात की तो थांबतो, एवढं मला दिसतंय."

पडद्यावरचे गुरुजी सज्जन असतात. ते म्हणतात, "मागचा तंबोरा जरा चढलाय, उतरवून घ्या." गृहस्थ ओशाळून सांगतात की तो तंबोरा नाही, मोती आहे. त्यावर गुरुजी क्षणभर गप्प राहतात आणि विचारतात, "मोतीराव किती वर्षं शिकतायत?"

त्याच रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निनावी वाटावा असा एक निरोप पडतो : 'सी विंगमध्ये रोज सातच्या सुमारास मुक्या प्राण्याचा छळ चालतो. संबंधितांनी नोंद घ्यावी.' दुसऱ्या मिनिटाला दुसऱ्या मजल्यावरचं उत्तर येतं : 'प्राणी मुका नाही. छळ कोण कोणाचा करतंय हे आधी ठरवा.' तिकडे गृहस्थांच्या कन्येनं काढलेला व्हिडिओ एव्हाना पुणे, न्यू जर्सी आणि इंदूर अशा तिन्ही शाखांत फिरून आलेला असतो. साऱ्या नातेवाइकांनी मोतीला हृदयं पाठवलेली असतात. पेटीबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नसतो.

पेटीच्या जागी माउथ ऑर्गन ठेवा, क्लॅरिनेट ठेवा, चौथीतल्या मुलीचं नवं कोरं व्हायोलिन ठेवा. कथा फारशी बदलत नाही. कुत्रा बिचारा एकच गोष्ट करत असतो, माणसं मात्र तिचे हवे तसे अर्थ लावतात. वाजवणारा म्हणतो, "आवाजानं त्याचे कान दुखतात." म्हणजे दोष कानांचा. मालकीणबाई म्हणतात, "त्याला सूर कळतो." म्हणजे श्रेय घराण्याचं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "त्या जनावरालाही सहन होत नाही हो!" आणि गावाहून आलेली आजी जपमाळ थांबवून एवढंच विचारते, "कुत्रं का रडतंय? कोण आजारी आहे?"

हा शेवटचा अर्थ महाराष्ट्रात भलताच मुरलेला आहे, पण तोही घड्याळावर चालतो. संध्याकाळी देवळात आरती सुरू होते. पूर्वी घंटा आणि नगारा वाजवायला माणसं असत. आता भिंतीवरचं बटण दाबलं की विजेच्या मोटारीवर चालणारं यंत्र एकटंच दोन्ही बडवतं. पुजारी शंख फुंकतात आणि पायरीशी झोपलेलं कुत्रं मान वर करून लांबलचक सूर लावतं. भाविक हात जोडतात : "मागच्या जन्मीचा कोणीतरी पुण्यवान असणार." तेच कुत्रं, तोच सूर, फक्त वेळ रात्री दोनची असली, की त्याच भाविकांच्या खिडकीतून आधी "हाड्!" येतं, मग पाणी येतं आणि शेवटी चप्पल येते. पुण्यवानाला यम दिसायला लागतो तो बहुधा मध्यरात्रीनंतर.

शंखाचं तसं कुत्र्याशी फार जुळतं. त्याचा आवाज खालून उचलला जातो, वर जाऊन लांबतो आणि ओसरतो. लांडगा हाक देतो ती अगदी याच चालीवर. कुत्रा हा लांडग्याचाच घरोब्यातला भाऊबंद, त्यामुळे लांब, एकसंध, न तुटणारा सूर कानी पडला की कित्येक कुत्र्यांच्या आत काहीतरी जुनं जागं होतं. कोणीतरी हाक देतंय, आपण उत्तर दिलं पाहिजे, असा काहीसा तो मामला. म्हणून रुग्णवाहिकेचा सायरन चालतो, गिरणीचा आणि साखर कारखान्याचा भोंगा चालतो, सनई चालते, पेटी तर फारच चालते. पेटी आणि माउथ ऑर्गन ही दोन्ही एकाच गोत्राची. हवेच्या झोतानं थरथरणाऱ्या पातळ पट्ट्यांतून दोघांचा आवाज निघतो आणि हवा आहे तोवर तो लांबवता येतो. तबल्याचं तसं नाही. तबला वाजला की मोती एक कान हलवतो आणि कूस बदलतो.

बुडापेस्टच्या योट्व्हॉश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६८ कुत्र्यांना लांडग्यांच्या हाकांचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. लांडग्याला रक्तानं जवळ असलेल्या जुन्या जातींची कुत्री हाकेला हाक देत राहिली. अलीकडे माणसानं घडवलेल्या जातींची कुत्री जास्त करून भुंकून मोकळी झाली. थोडक्यात, सहा पिढ्यांचा शहरी संसार झाला की गावाकडची भाषा कळते, बोलता येत नाही.

यातली खरी गंमत पुढेच आहे. लांडग्यांचा कळप एकत्र सूर लावतो तेव्हा कोणीही दुसऱ्याच्या सुरावर बसत नाही. एक जण ज्या उंचीवर असेल ती सोडून दुसरा भलतीच पकडतो आणि दोघांची गाठ पडलीच तर एक जण सरकतो. सूर वेगवेगळे राहिले की पाच लांडगे दहा-पंधरा वाटतात आणि पलीकडच्या डोंगरावरच्या कळपाला धडकी भरते. गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींची पद्धत हुबेहूब हीच. यजमान पांढरी एकमध्ये, आत्या काळी पाचात, जावई मधेच कुठेतरी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं आत शंभर माणसं आहेत. तेव्हा मोती पेटीच्या षड्जाला सोडून अर्ध्या सुरानं वर लावतो तो बेसूर नसतो. तो शिस्तीत वागतोय. गृहस्थांच्या घरात सूर पाळणारा तो एकटाच आहे, फक्त त्याचे नियम निराळे आहेत.

शिवाय मोतीकडे एक गुण असा आहे की जो पेटीकडे नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीला स्टुडिओबाहेर काढलं आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. आक्षेप असा की पेटी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारते, मधली मींड तिला घेता येत नाही आणि श्रुतींचा तिला पत्ता नसतो. मोतीला मींड जन्मजात आहे. त्याचा अख्खा आलाप म्हणजे एक मींडच असते. खालून वर, वरून खाली, मधली एकही श्रुती न वगळता. रेडिओच्या त्या वेळच्या निकषांवर या दोघांपैकी कोणाला बोलावणं आलं असतं, हे गृहस्थांना कोणी समजावून सांगू नये.

कुत्र्याच्या गळ्यातला हा ऐवज ओळखणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत. तंतुवाद्यांचं हे गाव; इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खाँसाहेबांचा स्वर असा, की तो कुठे संपला आणि तंबोरा कुठे सुरू झाला ते ऐकणाऱ्याला कळू नये. अशा माणसाच्या घरी टिपू मियाँ नावाचा कुत्रा होता आणि खाँसाहेबांनी त्याला स्वर लावायला शिकवलं होतं, ही आख्यायिका संगीताच्या बैठकींत आजही चवीनं सांगतात. खरी दाद द्यायची ती नावाला. नुसता टिपू नव्हे, टिपू मियाँ. गायकी आली की आदब आपोआप आली.

या गोष्टीचा उपद्रव एकच. ती ऐकल्यापासून गावोगावचे कुत्रेवाले आपापल्या टिपूंना घेऊन बसले आहेत. "खाँसाहेबांच्या कुत्र्याला येतं, तर आमच्या सीझरला का नाही?" असं ते विचारतात. मधल्या एका दुव्याकडे, म्हणजे खाँसाहेबांकडे, त्यांचं दुर्लक्ष होतं.

वाद्य आणि भुंकणं यांचं नातं मराठी मुलखात दुसऱ्या टोकानंही जुळलेलं आहे. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात. हातात दिमडी, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी. जुन्या रिवाजात तर कोटंब्यातलं अन्न देवापुढे कुत्र्यासारखं भुंकून खाण्याची पद्धत होती. वाजवणाराही तोच आणि भुंकणाराही तोच, त्यामुळे साथीदाराबद्दल तक्रार करायला जागाच नाही.

युरोपातल्या थोरांनी कुत्र्याला थेट परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. रिशार्ट वाग्नर हा जर्मन संगीतकार माणसांचं मत फारसं मनावर घेणारा नव्हता. समीक्षक त्याच्या खिजगणतीत नव्हते, सावकारांकडे तर त्यानं जन्मभर दुर्लक्ष केलं. पण पेप्स नावाच्या स्पॅनियलचं मत तो विचारात घ्यायचा. १८४५ साली रंगभूमीवर आलेला त्याचा 'टान्हॉयझर' हा ऑपेरा तयार होत असताना पेप्स पियानोजवळ बसलेला असे आणि वाग्नर एकेक चाल वाजवून त्याच्याकडे बघत असे, असं सांगतात. एका पट्टीत पेप्स शांतपणे शेपूट हलवायचा, दुसऱ्या पट्टीत ताडकन उभा राहायचा. मग वाग्नरनं कोणते भाव कोणत्या पट्टीत मांडायचे ते त्यावरून ठरवलं, अशीही पुस्ती जोडतात. हे सगळं जसंच्या तसं खरं धरलं, तर वाग्नरचे ऑपेरा चार-चार तास का चालतात याचा उलगडा होतो. मधे कुठेतरी परीक्षकाला डुलकी लागत असणार.

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जॉर्ज सिंक्लेअरकडे डॅन नावाचा बुलडॉग होता. गायकवृंदाच्या तालमीला तो हजर असे आणि एखाद्याचा सूर घसरला की गुरगुरत असे, अशी त्याची ख्याती. (असा कुत्रा आपल्याकडच्या काही सुगम संगीताच्या स्पर्धांना मिळाला तर निकाल लवकर लागतील.) एकदा हा डॅन वाय नदीच्या उतारावरून घरंगळत थेट पाण्यात पडला, प्रवाहाविरुद्ध हातपाय मारत काठाला लागला आणि वर येऊन आनंदानं भुंकला. सिंक्लेअर सोबतच्या मित्राला म्हणाला, याला चाल लावून दाखव. मित्र एडवर्ड एल्गार होता, त्यामुळे त्यानं खरोखरच लावली. १८९९ च्या त्याच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मधला अकरावा तुकडा तो. वर सिंक्लेअरची आद्याक्षरं आहेत, त्यामुळे जाणकारांना त्यातल्या खालच्या सुरांच्या धावाधावीत ऑर्गनच्या पायपट्ट्या दिसू लागल्या. शेवटी एल्गारलाच स्पष्ट करावं लागलं की यात ऑर्गन नाही, कॅथीड्रल नाही आणि सिंक्लेअरही जवळपास नाही. कुत्रा पाण्यात पडलाय. आज वायच्या काठी डॅनचा लाकडी पुतळा आहे. घसरलेल्या गायकांचे पुतळे नाहीत.

पण कुत्र्याच्या पसंतीवर धंदा उभारण्याचा मान जातो तो ग्रामोफोन कंपनीकडे. ब्रिस्टलचा निपर हा पाहुण्यांच्या पोटऱ्या पकडणारा कुत्रा. नावही त्यावरूनच पडलेलं. मालक वारल्यावर तो मालकाच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराकडे आला. १८९५ मध्ये निपर मेला. त्यानंतर तीनेक वर्षांनी बॅरॉनं फोनोग्राफच्या कर्ण्यात कान देऊन बसलेल्या निपरचं चित्र काढलं आणि ते फोनोग्राफ विकणाऱ्या एडिसन-बेल कंपनीला दाखवलं. कंपनीचं उत्तर असं, की कुत्री फोनोग्राफ ऐकत नाहीत. या विषयावर आजवर व्यक्त झालेलं हे बहुधा सर्वांत प्रामाणिक मत, आणि त्यानंच त्यांचा घात केला. बॅरॉ ग्रामोफोन कंपनीकडे गेला. ती म्हणाली, घेतो, पण यंत्र आमचं दाखवा. त्यानं जुनं यंत्र रंगाखाली बुजवलं, वर ग्रामोफोन काढला आणि १८९९ मध्ये चित्र व हक्क मिळून शंभर पौंड घेतले. मेलेल्या कुत्र्यानं जन्मात न पाहिलेल्या यंत्राला दिलेली ही दाद पुढे जगभर चालली. आपल्याकडे आजोबांच्या पिढीनं नाट्यगीतं ऐकली ती मिनिटाला ७८ फेऱ्या मारणाऱ्या त्याच कुत्र्याच्या साक्षीनं. दुकानात जाऊन गायकाचं नाव सांगण्याआधी "कुत्र्याची दाखवा" असं सांगायची रीत होती. घरातलं खरंखुरं कुत्रं त्या वेळी कर्ण्याकडे पाठ करून, दाराशी तोंड ठेवून पडलेलं असे.

कुत्र्याचं लक्ष वेधण्याचा सगळ्यात शास्त्रशुद्ध आणि सगळ्यात हास्यास्पद प्रयत्न फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं केला. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. हे आकडे नंतरचे, पण अंदाज गॉल्टनला होता. त्यानं १८७६ मध्ये एक बारीक शिट्टी तयार केली. ती त्यानं हातातल्या काठीच्या टोकाला बसवली, मुठीपाशी रबराचा फुगा जोडला आणि तो प्राणिसंग्रहालयात फिरू लागला. काठी जनावराच्या कानाजवळ न्यायची, ते निवांत झालं की फुगा दाबायचा आणि कान हलले का बघायचं. काही प्राण्यांना त्याचा राग आला, असंही त्यानं नोंदवलंय. मग स्वारी रस्त्यावर आली. लहान कुत्री वळून बघत, मोठी बघत नसत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये तेव्हा मोठी कुत्री रस्तोरस्ती लोळत पडलेली असत, म्हणून तिथे त्यानं तासन्‌तास फुगा दाबला. एकानंही मान वळवली नाही. १८८३ च्या पुस्तकात त्यानं निष्कर्ष लिहून ठेवला की मोठ्या कुत्र्यांना हा बारीक आवाज ऐकू येत नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंतच्या कुत्र्यांची श्रवणचाचणी झाली. शरीर लहान की मोठं, यानं वरच्या सुरांच्या मर्यादेत फरक पडत नाही असं तीत दिसलं. म्हणजे बर्नच्या कुत्र्यांना सारं ऐकू येत असणार. भरदुपारी काठीचा फुगा दाबत फिरणाऱ्या सद्गृहस्थांकडे लक्ष द्यावं, असं त्यांना वाटलं नाही इतकंच. प्रस्तुत लेखकाला याचं विशेष समाधान आहे, कारण त्याच्या बासरीलाही गल्लीतल्या एकाही कुत्र्यानं अद्याप प्रतिसाद दिलेला नाही. एकानं तेवढी जागा बदलली.

विसाव्या शतकात संगीतकारांनी कुत्र्यांना थेट गाण्यांत घेतलं. बीटल्सनी १९६७ च्या 'सार्जंट पेपर' तबकडीच्या शेवटी सुमारे १५,००० हर्ट्झचा एक सूर भरला. ऐकणाऱ्या माणसाला फारसं काही कळू नये आणि पायाशी झोपलेल्या कुत्र्यानं कान टवकारावेत, एवढाच जॉन लेननचा हेतू. पिंक फ्लॉइडनं १९७१ मध्ये शेमस नावाच्या कुत्र्याला घेऊन त्याच्याच नावाचं गाणं केलं. माउथ ऑर्गन ऐकला की तो गळा काढायचा. या बँडचे भक्त त्यांचं प्रत्येक गाणं डोळे मिटून ऐकतात. हे गाणं आलं की डोळे उघडून पुढचं लावतात. पुढे बँडच्या पॉम्पेईतल्या मैफलीवरच्या चित्रपटासाठी नोब्स नावाची कुत्री मिळवली गेली. त्यात बँडचा डेव्हिड गिलमूर माउथ ऑर्गन वाजवतोय, नोब्स आळवतेय आणि रिचर्ड राइटसारखा कीबोर्डवादक तिच्या तोंडापुढे माइक धरून बसलाय, असं दृश्य आहे. कुत्रा आला की बँडमधल्या माणसांच्या बढत्या थांबतात.

एवढं होऊनही कुत्र्याला खरोखर काय आवडतं, हे विचारायला लोक उशिरा गेले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स यांच्या पथकानं २००२ मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं. पाश्चात्त्य अभिजात संगीतावर ती जास्त वेळ शांत पडून राहिली, मेटॅलिकावर जास्त भुंकली आणि ब्रिटनी स्पिअर्सकडे त्यांनी ना राग ना लोभ असा कानाडोळा केला. २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडच्या प्राणिसंस्थेनं पाहिलं तेव्हा रेगे आणि सॉफ्ट रॉक यांना बरे गुण मिळाले. शिवाय तेच तेच ऐकवलं की परिणाम उतरतो, असंही आढळलं.

ही माहिती पुण्या-मुंबईच्या श्वानप्रेमी घरांत पोचली तेव्हा तिचं व्हायचं तेच झालं.

"आमच्या ब्रूनोला भीमसेनजींशिवाय झोप नाही. मारवा लावला की गप्प."

"वा! तुम्हीही ऐकत असाल मग रोज."

"छे हो, मी ऑफिसात असतो. त्याच्यासाठी लावून जातो."

"आणि तो झोपतो हे कळतं कसं?"

"कॅमेरा आहे ना. मीटिंगमध्ये बघत असतो."

ब्रूनो दिवसाचे सोळा तास मारव्याविनाही झोपतो, हे अशा वेळी सांगणं बरं दिसत नाही.

सगळंच मात्र हसण्यावारी नेण्याजोगं नाही. ढोल-ताशाचं पथक दाराशी आलं की मोती नाक वर करत नाही. तो पलंगाखाली जातो, शेपूट पायांत घेतो, जांभया देतो, जीभ ओठांवरून फिरवत राहतो. गाणारा कुत्रा वाद्याजवळ येतो, घाबरलेला लांब पळतो, इतका हा फरक साधा आहे. तो ओळखायला ना शिट्टी लागते ना विद्यापीठ. आतली खोली, बंद खिडक्या आणि जवळ बसलेलं घरचं माणूस एवढं त्याला पुरतं. पथकातल्या मुलांना समजावण्यापेक्षा हे सोपं आहे.

काहींनी शेवटी कुत्र्यांसाठीच मैफल लावली. अमेरिकन कलावंत लॉरी अँडरसन हिनं २०१० मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसबाहेर आणि पुढे २०१६ च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये खास कुत्र्यांसाठी वादन केलं. उलट २०१७ मध्ये तुर्कस्तानातल्या एफेससच्या प्राचीन रंगमंचावर व्हिएन्नाचा वाद्यवृंद मेंडेल्सोन वाजवत असताना एक भटकं कुत्रं न बोलावता मंचावर चढलं. इकडे तिकडे बघितलं आणि मुख्य व्हायोलिनवादकाच्या पायाशी बसकण मारली. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, वादकांना हसू आवरेना आणि कुत्रं तुकडा चालू असताना बसून राहिलं. पहिल्या रांगेतल्या किती निमंत्रितांबद्दल असं म्हणता येईल?

या सगळ्यांत व्यवहारी निघाला तो डेन्मार्कचा कार्ल वाइसमन. त्याला पक्ष्यांचे आवाज टिपण्याचा नाद. भल्या पहाटे जड यंत्र उचलून रानात जायचं, श्वास रोखून बसायचं, पक्षी गळा उघडणार इतक्यात कुठलंतरी कुत्रं भुंकायचं. टेप कापून भुंकणं काढून टाकण्यात त्याचे दिवस जात. कापलेल्या तुकड्यांचा ढीग वाढत गेला तसं त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक भुंकण्याला स्वतःचा असा एक सूर आहे. मग त्यानं वेग कमी-जास्त करत तेच तुकडे एकाला एक चिकटवले आणि त्यांतून 'जिंगल बेल्स' तयार केलं. १९५५ मध्ये ती तबकडी 'सिंगिंग डॉग्ज' या नावानं अमेरिकेत आली आणि धो-धो खपली. १९७१ च्या नाताळात पुन्हा काढली तेव्हा पुन्हा खपली. आजही डिसेंबरात कुठल्यातरी दुकानात ती वाजते आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेली कुत्री आपापसांत बघतात. गायकांना मानधन गेलं का, याची चौकशी कोणी केली नाही. पक्ष्यांची मूळ टेप कुठे आहे, हेही कोणी विचारलं नाही.